चौदा आडवा

१

रविवारी सकाळी आठ वाजून पाच मिनिटांनी पद्माकर ठोसर यांच्या हातातला चहा गार व्हायला लागला, आणि तसाच गार झाला.

समोर टॅबवर पुण्याच्या दैनिकाची रविवार पुरवणी उघडी होती. शेवटच्या पानावर, नेहमीच्या जागी, गूढ शब्दकोडं. चौकट ठोसरांची होती. काळी घरं त्यांची, आडवे शब्द त्यांचे, उभे शब्दही त्यांचेच. त्यांच्या वहीतलं सातवं कोडं जसंच्या तसं तिथे छापलं होतं. खाली कोडेकाराचं टोपणनाव तेवढं परकं होतं: 'अनुस्वार'.

ठोसरांनी हे कोडं कुणाला पाठवलंच नव्हतं.

साध्या शब्दकोड्यात अर्थ दिला की शब्द भरायचा असतो. गूढ कोड्याचा क्लू म्हणजे वरवर सरळ दिसणारं वाक्य, आणि उत्तर त्याच्याच पोटात दडवलेलं. असली कोडी सोडवण्यात ठोसरांची चाळीस वर्षं गेली होती. स्वतः रचायला मात्र ते बसले ते बायको शांता गेल्यावर, सिंगापुरात धवलच्या, म्हणजे मुलाच्या, बुकित बातोकच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्यावर. तीन वर्षांत तीस कोडी झाली. प्रत्येक कोड्यात शांताचं एकेक वाक्य होतं, स्वयंपाकघरातलं, रोजच्या बोलण्यातलं. हे त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं. सांगायला लाज वाटायची, खरं तर.

दैनिकाचे जुने कोडेकार त्या जूनमध्ये निवृत्त झाले होते. नव्या माणसाची तीन कोडी तीन रविवारी छापायची आणि वाचकांना आवडली तर ती जागा कायमची त्याला द्यायची, असं संपादकांनी जाहीर केलं होतं. ठोसर अजून खोडत होते, सुधारत होते. आता पहिला रविवार तर गेला. आणखी दोन गेले की शांताची वाक्यं कायमची दुसऱ्याच्या नावावर चढणार होती.

त्यांनी चष्मा पुसला आणि सत्तावीसच्या सत्तावीस क्लू वहीशी ताडून पाहिले. सव्वीस शब्दशः तेच निघाले. बदलला होता फक्त एक, चौदा आडवा. उत्तर 'कोतवाल'. वहीत क्लू होता: 'नको, तवा लहान आहे' यात दडलेला रखवालदार. 'नको'तला को, मग तवा, मग 'लहान'मधला ल, झाला कोतवाल. भाकरी मोठी कर म्हटलं की शांता हेच म्हणायची. पुरवणीत मात्र छापलं होतं: पूर्वी शहर राखायचा, आता पक्ष्यांत गणला जातो.

बाकी सगळं तसंच ठेवलं, मग नेमकं हेच का बदललं?

वहीच्या झेरॉक्स तिघांकडे होत्या. कोडं छापण्याआधी कुणाकडून तरी सोडवून घ्यायचं असतं, म्हणून त्यांनी स्वतःच्या हाताने त्या तिघांना दिल्या होत्या. निशिकांत, एकता आणि शैला. सिंगापुरात त्यांना आपलं म्हणावं अशी हीच तीन माणसं होती. त्यातल्या एकाने त्यांचा केसाने गळा कापला होता.

२

चौघांचा 'आडवेउभे' नावाचा ब्लॉग होता. दर रविवारच्या कोड्याची समीक्षा एकेकाने पाळीपाळीने लिहायची: कुठला क्लू जमला, कुठला ओढूनताणून आणलाय, आपण कुठे अडलो. ब्लॉग शैलाने काढलेला, किल्ल्याही तिच्याकडेच; लेख चौघेही चढवू शकत, पण चढलेला बदलणं किंवा काढणं फक्त तिच्या हातात. समीक्षा चढली की चारशे वाचकांना, दैनिकाच्या संपादकांनाही, आपोआप मेल जायची. ठोसरांना पडद्यावरचं वाचवत नसे, म्हणून सून जाई त्या मेलची मोठ्या अक्षरांत प्रिंट काढून द्यायची.

त्या रविवारी पाळी शैलाची होती.

"बाबा, आज लवकर आली बघा," प्रिंट हातात देत जाई म्हणाली. "एरवी शैलाताईंची दुपार उलटते."

ठोसरांनी कागद नुसता वरवर चाळला. डोकं ठिकाणावर नव्हतं. कौतुकाची वाक्यं डोळ्यांखालून जात होती. एका ओळीवर मात्र नजर अडकली: '१४ आडवा: बायकोच्या तव्याआड दडलेला कोतवाल. हसू आलं.' शांताचा काळा, कडेला चेपलेला तवा डोळ्यांसमोर आला. त्यांनी प्रिंटची घडी करून वहीत ठेवली आणि बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं.

संध्याकाळी शैलाचा फोन आला. दर मंगळवारी डब्यातून थालीपीठ आणणारी, त्यांना डॉक्टरकडे नेणारी, गूढ कोड्याचा ग म भ न त्यांच्याकडून शिकलेली शैला.

"काका, कोडं पाहिलंत? कोण हो हा अनुस्वार? काय सुरेख बांधलंय."

ठोसरांच्या जिभेवर आलं होतं, की अगं, ते माझं आहे. पण चोर कोण ते कळेपर्यंत कुणापाशीच बोलायचं नाही, असं त्यांनी सकाळीच ठरवलं होतं. शैलापाशी लपवताना त्यांना अपराध्यासारखं वाटलं. "बघतो उद्या नीट," एवढंच ते म्हणाले.

३

सगळ्यात जास्त संशय निशिकांतवर होता आणि त्याला कारणही होतं. एका शिपिंग कंपनीत मॅनेजर, सोडवण्यात चौघांत सर्वांत वेगवान, आणि हरणं सहन न होणारा. दैनिकातल्या जागेचं जाहीर झालं तेव्हा तोच म्हणाला होता, "ठोसरसाहेब, तुम्ही पाठवत नसाल तर मी पाठवतो."

सोमवारी ठोसर एमआरटीने, म्हणजे तिथल्या मेट्रोने, हार्बरफ्रंटला गेले. निशिकांत ऑफिसखालच्या कॉफीच्या टपरीवर भेटायला आला. नाक आणि कपाळ उन्हाने लालभडक झालेलं.

"हे काय झालं?"

"काल घरच्यांना घेऊन बाटमला गेलो होतो, इंडोनेशियाच्या बेटावर, बीचवर. पावणेआठची बोट. शैलाताई आणि त्यांचे मिस्टरही त्याच बोटीवर. तिकडे रोमिंगचे पैसे पडतात म्हणून त्यांनी बोटीत चढतानाच फोन बंद केला. म्हणाल्या, आज सुट्टी. मी मात्र परत येताना बोटीतच कोडं सोडवलं. एकवीस मिनिटं."

"कसं वाटलं?"

निशिकांत कपातला चमचा ढवळत राहिला. ढवळण्यासारखं कपात काही उरलं नव्हतं. "चांगलं होतं."

"एवढंच? एरवी तू अर्धा तास बोलतोस."

"ठोसरसाहेब, तुम्ही मला का छळताय? कोडेकाराने टोपणनाव घेतलं की त्याला विचारायचं नाही, आपणही ओळख दाखवायची नाही. हे तुम्हीच शिकवलंत. सातवं कोडं मला पाठ आहे. मी ओळखलं आणि गप्प बसलो. अभिनंदन करायला हात शिवशिवत होते."

ठोसर पुढे वाकले. "म्हणजे तुला वाटलं, अनुस्वार मी?"

"मग कोण?" निशिकांत म्हणाला. मग त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून त्याने चमचा खाली ठेवला. "तुम्ही नाही?"

४

एकताचं घर मरीन परेडला होतं. नागपूरची मुलगी, पाण्यावरच्या संशोधनात काम करणारी. चुकीला चूक म्हणायला ती कधी कचरली नव्हती. आणि दैनिकाचे पुरवणी संपादक चंद्रशेखर हे तिच्या ओळखीचे होते, कॉलेजात दोन वर्षं पुढे. म्हणून संशयाच्या यादीत तीही होती.

त्याच संध्याकाळी ठोसरांनी तिथे जाऊन तिला उभ्या उभ्याच विचारलं, "कालचं कोडं कुणाचं?"

"सर, तुमचं," एकता म्हणाली. "पण विचारायचं नसतं ना, म्हणून मी बोलले नाही. फक्त एक चुटपुट लागली. तो तव्याचा क्लू तुम्ही का काढलात? वहीतला सगळ्यात साधा आणि सगळ्यात छान तोच होता."

"मी नाही काढला. मी काहीच पाठवलं नाही, एकता."

ती खुर्चीत बसली. मग तिने एकही वायफळ प्रश्न न विचारता फोन उचलला आणि चंद्रशेखरना लावून ठोसरांच्या हातात दिला.

"नाव विचारणार असाल तर सांगता येणार नाही," नमस्कार झाल्यावर चंद्रशेखर म्हणाले. "कोडेकाराचं नाव आम्ही कुणालाच देत नाही. तुमचा दावा असेल तर वही पाठवा, मी बघतो. पण इथे रोज कुणीतरी सांगतं, माझी कल्पना चोरली."

"नाव नाही विचारत," ठोसर म्हणाले. "एकच सांगा. चौदा आडवा तुमच्याकडे आला तसाच छापला का?"

चंद्रशेखर लगेच म्हणाले, "नाही. तो शनिवारी संध्याकाळी मी बदलला. 'बायको तवा लपवते, आत रखवालदार सापडतो' असं काहीतरी होतं. कोतवाल बरोबर दडला होता, पण बायकोवरचे विनोद आम्ही पुरवणीत बंद केलेत. मी पक्ष्याचा घातला. कोडेकाराला कळवायचं राहून गेलं. का हो?"

ठोसरांनी फोन एकताच्या हातात दिला. आभार मानायचंही सुचलं नाही.

"काय झालं, सर?"

"बायको," ठोसर म्हणाले. "माझ्या क्लूमध्ये बायको नाही. छापलेल्या क्लूमध्ये तवाही नाही." त्यांनी खांद्यावरच्या पिशवीतून वही काढली आणि तिच्यातली घडी उलगडली.

'बायकोच्या तव्याआड दडलेला कोतवाल. हसू आलं.'

५

रविवारी ती ओळ वाचताना त्यांना काहीच खटकलं नव्हतं, कारण त्यांच्यापुरता तो तवा बायकोचाच होता. पण ते फक्त त्यांना माहीत होतं. शैलाने झेरॉक्स आठवून लिहिलं असतं तर तवा आला असता, बायको आली नसती. छापील कोडं बघून लिहिलं असतं तर पक्षी आला असता. तव्याशेजारी बायको एकाच जागी होती, दैनिकाला पाठवलेल्या कागदात. तो कागद दोघांनीच पाहिला होता, संपादकाने आणि पाठवणाऱ्याने.

एकता तोवर प्रिंटच्या कोपऱ्यातली वेळ वाचत होती. "आठ तीस. सर, पुरवणी आपल्याकडे आठला दिसते. आणि शैलाताईंना एक कोडं सोडवायला निम्मा दिवस लागतो."

"साडेआठला ती बोटीवर होती. फोन बंद करून." निशिकांत सहज बोलून गेला होता आणि ठोसरांनी ते सहज सोडून दिलं होतं. समीक्षा आधीच लिहून, साडेआठला आपोआप चढेल अशी वेळ लावून ठेवलेली होती, पुरवणी निघण्याच्या आधी. न छापलेल्या कोड्याची समीक्षा एकच माणूस लिहू शकतो.

एकताने ब्लॉग उघडला. आता तिथे चौदा आडव्यापुढे लिहिलं होतं: 'पक्ष्याच्या रूपातला कोतवाल. नेटका.'

चूक झाली तर वरचा मजकूर गुपचूप बदलायचा नाही, खाली 'दुरुस्ती' असं स्पष्ट लिहायचं, हा ब्लॉगचा पहिला नियम होता. तो शैलानेच केलेला होता. पण गेलेली मेल परत बोलावता येत नाही.

आणखी एक गोष्ट ठोसरांच्या मनात वर आली आणि ती सगळ्यात जास्त लागली. निशिकांतने कोडं ओळखलं म्हणून तो गप्प बसला. एकताही म्हणूनच गप्प बसली. तीसही कोड्यांची झेरॉक्स घरात असून 'कोण हो हा अनुस्वार' असं विचारणारी एकटी शैला होती.

"सर, मी येऊ का तुमच्याबरोबर?"

"नको," ठोसर म्हणाले. "तिला मी शिकवलंय. मीच बोलतो."

६

दुसऱ्या दिवशी मंगळवार होता. अकरा वाजता शैला नेहमीसारखी डबा घेऊन आली. धवल आणि जाई कामाला गेलेले. तिने डबा टेबलावर ठेवला, दोन ताटल्या काढल्या. ठोसरांनी तिच्यासमोर प्रिंट ठेवली आणि चौदा आडव्यावर बोट ठेवलं. पुढे काही बोलावंच लागलं नाही. शैलाला क्लू वाचायला त्यांनीच शिकवलं होतं.

तिने काढलेल्या ताटल्या पुन्हा एकावर एक ठेवल्या.

"तुम्ही कधीच पाठवली नसती, काका," मग ती म्हणाली. "तीन वर्षं नुसतं खोडरबर. जागा तिसऱ्याच कुणाला गेली असती."

"म्हणून तुला?"

"पुण्यात माझ्या हाताखाली अकरा माणसं होती. इथे माझ्या राहण्याच्या पासवरच लिहिलंय, डिपेंडंट, नवऱ्यावर अवलंबून. दहा वर्षं मी कुणाची तरी बायको आहे. एकदा, एका जागी, काहीतरी माझं असावं असं वाटलं. स्वतः रचायला बसले होते, चार महिने. नाही जमलं."

ठोसरांना तिची कीव आली, आणि आली याचाच राग आला. "मला मागितलं असतंस तर दोघांच्या नावाने दिलं असतं. तेही जाऊ दे. तो एकच क्लू का बदललास?"

"सगळंच तुमचं जाऊ नये म्हणून. एक तरी माझा असावा. आणि तो जरा साधा वाटला मला. भरीचा."

"ते वाक्य शांताचं होतं," ठोसर म्हणाले. "प्रत्येक कोड्यात तिचं एक आहे. तू नेमकं तेच भरीचं म्हणून काढलंस, आणि जागी बायकोवरचा विनोद घातलास."

शैला रडायला लागली. ते रडणं खोटं नव्हतं, एवढं ठोसरांना कळत होतं, आणि त्याचा काही उपयोग नाही हेही कळत होतं. डॉक्टरच्या दारात त्यांचा हात धरून बसणारी हीच बाई होती.

"मी कुणाला सांगणार नाही," ते म्हणाले. "निशिकांत आणि एकतालाही गप्प बसायला सांगतो. तू स्वतः चंद्रशेखरना लिही, गुरुवारपर्यंत. पुढचं कोडं थांबव."

"लिहिते, काका. शब्द देते."

ती गेल्यावर त्यांनी डबा उघडला नाही. संध्याकाळी जाईने तो तसाच धुवायला टाकला.

७

रविवारी आठ वाजता ठोसरांनी टॅब उघडला तेव्हा त्यांची खात्री होती, की आज दुसऱ्या कुणाचं तरी कोडं असेल. गुरुवारी शैलाचा निरोप आला होता, 'लिहिलं, काका.' त्यांनी तो तीनदा वाचला होता.

शेवटच्या पानावर त्यांचं अकरावं कोडं होतं. खाली 'अनुस्वार'.

तीन उभा कुणी बदललेला नव्हता: 'जरा जाऊन येते' यात बसलेला सिंहासनाचा मालक. 'जरा'तला रा, 'जाऊन'मधला जा. उत्तर 'राजा', दोनच अक्षरं. पुण्याच्या हॉस्पिटलात ऑपरेशनला नेताना, स्ट्रेचरवरून मान वळवून, शांता त्यांना तेवढंच म्हणाली होती. ती परत आली नाही. हे वाक्य कोड्यात बसवायला ठोसरांना चौदा महिने लागले होते.

ते उठून जाईकडे गेले. "आज समीक्षेची पाळी माझी आहे. मी सांगतो, तू टाइप कर."

जाईने लॅपटॉप ओढला. ठोसर खिडकीशी उभे राहून सांगत गेले. सगळे क्लू क्रमाने, कुठला जमलाय, कुठला अजून कच्चा आहे, नऊ आडवा कसा ओढूनताणून आणलाय. समीक्षकाने पक्षपात करायचा नसतो. तीन उभ्यापाशी ते थांबले, मग म्हणाले, "लिही. हे वाक्य कोडेकाराने रचलेलं नाही. ते शांता पद्माकर ठोसर यांचं आहे. त्या ते शेवटचं म्हणाल्या. मागच्या रविवारचा कोतवालही त्यांच्याच तव्यातला. मूळ क्लू असा होता: 'नको, तवा लहान आहे'. वहीच्या झेरॉक्स तिघांकडे आहेत, त्यांनी ताडून पाहाव्यात."

जाईची बोटं थांबली होती. सासूबाईंचं ते वाक्य तिलाही पहिल्यांदाच कळत होतं. "बाबा, शेवटी काय लिहू? समीक्षक कोण, ते लिहावं लागतं."

"कोडेकार, पद्माकर ठोसर. समीक्षक, तोच."

लेख चढला तेव्हा अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. खाली तीन मिनिटांत निशिकांतची ओळ आली, 'ताडून पाहिलं, शब्दन् शब्द तोच.' मग एकताची, 'माझीही प्रत तेच सांगते. चंद्रशेखर, तुम्ही हे वाचत असणार.'

ठोसर तिसऱ्या नावाची वाट बघत बसले. त्यांना माफी नको होती. तिने काहीच न लिहिता लेख नुसता राहू दिला असता, तरी पुढच्या मंगळवारी त्यांनी दार उघडलं असतं.

साडेअकराला जाईने पान पुन्हा उघडलं. लेख नव्हता. खालच्या दोन ओळीही नव्हत्या. ब्लॉगच्या किल्ल्या एकाच माणसाकडे होत्या.

"शैलाताईंनी काढला," जाई हळूच म्हणाली. "बाबा, पण मेल चारशे जणांना गेलीय. संपादकांनाही. ती नाही काढता येत."

"माहीत आहे," ठोसर म्हणाले. "तिलाही माहीत आहे."

तरी तिने तो काढला होता. ठोसरांनी जाईला त्या मेलची प्रिंट काढायला सांगितली, मोठ्या अक्षरांत, आणि ती वहीत शांताच्या तव्यापाशी ठेवली. मंगळवारी अकरा वाजता बेल वाजली. ती दोनदा वाजली. ते आतल्या खोलीत एकतिसाव्या कोड्याची चौकट आखत बसले होते, आणि उठले नाहीत.